चेन ब्रेकर घेताना आधी पिन बघा: छोट्या इंजिनाच्या गाड्यांसाठी

चेन बदलायची ठरली की चेन, स्प्रॉकेट, ग्रीस सगळं विचारपूर्वक घेतलं जातं. चेन ब्रेकर, म्हणजे चेनच्या कडीची पिन ढकलून कडी सोडवायचं हत्यार, मात्र बहुतेक वेळा शेवटी आणि घाईत घेतला जातो. दिसायला साधी वस्तू आहे, एक लोखंडी चौकट आणि त्यात फिरणारा बोल्ट. त्यामुळे कुठलाही चालेल असं वाटतं.

मलाही तसंच वाटलं होतं. मिनी बाईकला ४२० नंबरची चेन होती आणि माझ्याकडचा ब्रेकर ४१ नंबरच्या चेनसाठीचा होता. दोन्ही चेनची पिच (दोन पिनांमधलं अंतर) सारखी, आतली रुंदीही सारखी, त्यामुळे चेन खाचेत बसली. बोल्ट फिरवला, जोर लागला, अजून फिरवला. मग हाताला अचानक सैल लागलं. पिन निघाली म्हणून खूश होऊन बघितलं, तर चेनची पिन जेमतेम सरकली होती. ब्रेकरची पिन आधी वाकली होती आणि मग तुटून तिचं टोक कडीच्या बाजूच्या पट्टीच्या भोकात रुतून बसलं होतं. बाहेर जेमतेम तीन मिलिमीटरचा तुकडा, पकडीत येत नव्हता आणि हातोडीनेही हलत नव्हता. शेवटी ती कडी कानशीने कापावी लागली.

नंतर मोजून पाहिलं तेव्हा कारण कळलं. ४१ च्या चेनची पिन सुमारे ३.६ मिलिमीटर जाड असते, ४२० ची जवळपास ४ मिलिमीटर. फरक दिसायला अर्ध्या मिलिमीटरहून कमी, पण बारीक चेनसाठी बनवलेली पिन जाड पिनेवर टिकली नाही. तेव्हापासून ब्रेकर बघताना मी आधी पिन बघतो आणि बाकी सगळं नंतर. खालचा क्रमही त्याच अनुभवातून आला आहे. गो-कार्ट, मिनी बाईक, मोपेड, कमी सीसीची मोटारसायकल, छोटी एटीव्ही यांपैकी काहीही असलं तरी तो लागू पडेल.

१. चेनचा नंबर वाचा

पट्ट्यांवर नंबर ठोकलेला असतो. चेनवर काळा थर असेल तर रॉकेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने दोन-तीन कड्या पुसा. पेट्रोल नको, ओ-रिंगच्या चेनमध्ये पिनांभोवती रबराच्या रिंगा असतात, त्यांना ते मानवत नाही.

मोटारसायकलच्या चेनचा नंबर तीन आकडी असतो. पहिला आकडा पिच सांगतो, म्हणजे एका पिनेच्या मध्यापासून पुढच्या पिनेच्या मध्यापर्यंतचं अंतर, इंचाच्या आठव्या भागात. ४ असेल तर अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, ५ असेल तर १५.८७५ मिलिमीटर. पुढचे दोन आकडे आतल्या रुंदीचे. ४१५ ला ४.७६, ४२० आणि ५२० ला ६.३५, ४२८ आणि ५२५ ला ७.९४, तर ५३० ला ९.५३ मिलिमीटर.

कार्ट आणि मिनी बाईकमध्ये दुसरं कुटुंब भेटतं, ते म्हणजे कारखान्यातल्या यंत्रांच्या चेनचं. ३५ नंबरची पिच ९.५२५ मिलिमीटर, ४० आणि ४१ ची १२.७, अगदी छोट्या पॉकेट बाईकवरच्या २५ नंबरची ६.३५. रेसिंग कार्टवर २१९ नंबरची चेन दिसते, तिची पिच ७.७७४ मिलिमीटर.

नंबर पुसला गेला असेल तर चेन ताणून धरा आणि एका पिनेच्या डाव्या कडेपासून पुढे दहावी पिन मोजून तिच्या डाव्या कडेपर्यंतचं अंतर घ्या. १२७ मिलिमीटरच्या आसपास आलं तर अर्ध्या इंचाची पिच, १५९ च्या आसपास आलं तर पाच अष्टमांश इंचाची. झिजलेली चेन थोडी लांब भरते, एक-दोन मिलिमीटर जास्त आले तर गोंधळू नका.

नंबरापुढे 'एच' असेल, जसं ४२८एच, तर पट्ट्या जाड आहेत. पिच तीच राहते, पण चेन एकूण रुंद असते आणि पिनही लांब असते. ब्रेकरचं तोंड तेवढं उघडतं का, हे बघावं लागतं.

२. चेनची पिन मोजा

नंबर कळला म्हणून ही पायरी गाळू नका. व्हर्निअर कॅलिपरने पिनेची जाडी घ्या. पिनेचा माथा ठोकून पसरवलेला असतो आणि तो जास्त भरतो, म्हणून शक्यतो नव्या चेनसोबत आलेल्या लॉकची पिन मोजा. लॉक म्हणजे चेनची दोन टोकं जोडणारी सुटी कडी. अंदाजासाठी हे आकडे जवळ ठेवा:

- २५ नंबर: सुमारे २.३ मिलिमीटर
- ३५ आणि ४१ नंबर: सुमारे ३.६ मिलिमीटर
- ४० आणि ४२० नंबर: सुमारे ४ मिलिमीटर
- ४२८ नंबर: ४ ते ४.५ मिलिमीटर, बनावटीप्रमाणे
- ५२०, ५२५, ५३० नंबर: ५ मिलिमीटरहून थोडी जास्त

ब्रेकरची पिन चेनच्या पिनेपेक्षा किंचित बारीक हवी. चेनची पिन पुढे सरकली की तिच्या मागोमाग ब्रेकरची पिन पट्टीच्या भोकात शिरते. ती जाड असेल तर भोकात अडकते. फार बारीक असेल तर सगळा दाब छोट्या टोकावर येतो आणि ती वाकते. म्हणून जो ब्रेकर एकाच पिनेवर '२५ पासून ५३० पर्यंत सगळं' तोडायचं आश्वासन देतो, तो मी घेणार नाही. पल्ला मोठा असेल तर सोबत निदान दोन जाडीच्या पिना हव्यात आणि कुठली पिन कुठल्या नंबराला, हे कागदावर छापलेलं हवं.

सायकलचा ब्रेकर तर बाजूलाच ठेवा. सायकलच्या चेनचीही पिच अर्धा इंचच असते, म्हणून मोह होतो. पण तो अरुंद चेनसाठी आणि हलक्या दाबासाठी बनवलेला असतो. इंजिनच्या आतली टायमिंग चेन हेही वेगळं प्रकरण आहे, तिला तिच्या मापाचं हत्यार लागतं.

३. नुसती तोडायची, की जोडायचीही?

चेन जोडायला दोन प्रकारचे लॉक येतात. क्लिप लॉकमध्ये बाहेरची पट्टी पिनांवर बसते आणि तिच्यावर स्प्रिंगची क्लिप सरकवतात. रिव्हेट लॉकमध्ये पट्टी दाबून बसवतात आणि पिनांची टोकं पसरवतात, म्हणजे पट्टी परत बाहेर येत नाही.

साधी चेन, क्लिप लॉक आणि सैल बसणारी पट्टी असेल तर नुसता ब्रेकर पुरतो. कमी ताकदीच्या बहुतेक गाड्यांचं काम एवढ्यावर भागतं. पण काही क्लिप लॉकची पट्टीही घट्ट असते, विशेषतः ओ-रिंगच्या चेनमध्ये. ती हाताने किंवा पकडीने सरळ बसत नाही, प्रेस लागते. आणि रिव्हेट लॉक असेल तर तोडणे, दाबणे, रिव्हेट करणे ही तिन्ही कामं करणारा संच लागतो. त्यात एकच चौकट असते आणि पिन, दाबपट्ट्या, शंकूसारखं टोक असे सुटे भाग बदलून वापरायचे असतात.

आज क्लिप लॉकची ४२० असेल आणि पुढे कधीतरी मोठी गाडी घ्यायचा विचार असेल, म्हणून आत्ताच मोठा संच घेऊ नका. मोठ्या संचाची चौकट जड असते आणि बारीक चेन तिच्यात डुगडुगते. आज जी चेन समोर आहे तिच्यासाठी घ्या.

४. ब्रेकर हातात घेऊन तपासा

इथे वेळ घालवा. जाहिरातीतल्या फोटोवरून यातलं काहीच कळत नाही. घरपोच मागवला असेल तर चेन लावण्याआधी ही तपासणी करा, म्हणजे परत देता येईल.

पहिली परीक्षा रिकाम्या ब्रेकरची. चेन न लावता मधला बोल्ट हळूहळू आत फिरवा, ब्रेकरची पिन समोरच्या ऐरणीच्या, म्हणजे चौकटीच्या ज्या भागावर चेन टेकते त्याच्या, भोकाजवळ येऊ द्या. उजेडाकडे धरून बघा. पिन भोकाच्या बरोबर मध्यावर येते, की एका कडेला घासते? आता बोल्ट पूर्ण एक फेरा फिरवा. पिनेचं टोक जागेवरच फिरतं, की गोल डुलतं? डुलत असेल तर घेऊ नका. चेनच्या पिनेवर दाब तिरका पडणार, आणि ब्रेकरच्या कडक पिनेला सरळ दाब बराच चालतो पण तिरका अजिबात चालत नाही.

दुसरी गोष्ट, पिनेला आधार कसा आहे. चांगल्या ब्रेकरमध्ये दोन बोल्ट एकात एक असतात. बाहेरचा जाड बोल्ट पोकळ असतो, तो पुढे येऊन चेनच्या पट्टीला टेकतो आणि चेन धरून ठेवतो. आतला बोल्ट त्याच्या पोटातून पिनेला ढकलतो. यात पिन शेवटपर्यंत नळीत राहते, फक्त कामापुरतं टोक बाहेर येतं. स्वस्त ब्रेकरमध्ये पिन थेट बोल्टच्या टोकाला चिकटवलेली असते आणि पूर्ण लांबी उघडी असते. २५ किंवा ३५ नंबरच्या चेनला ते चालून जातं, पण ४२० पासून पुढे नळीचा आधार हवाच, असं माझं मत आहे.

तिसरी गोष्ट, पिन बदलता येते का आणि सुटी मिळते का. ब्रेकरची पिन ही टायरसारखी झिजणारी वस्तू आहे. कधी ना कधी तुटणार. ती दाबून कायमची बसवलेली असेल तर पिनेबरोबर अख्खं हत्यार गेलं. घेतानाच दोन जादा पिना घ्या.

मग चौकट. ओतीव चौकटीवर साच्याच्या जोडाची रेघ आणि खरबरीत पृष्ठभाग दिसतो. घडीव किंवा घन तुकड्यातून कापलेली चौकट जास्त भरवशाची, कारण दाब वाढला की चौकटीचं तोंड किंचित फाकतं आणि तेवढ्यानेही पिन तिरपी होते. जिथे चौकट वळते त्या कोपऱ्यात धातू जाड हवा.

आटे बारीक हवेत. बारीक आट्यांनी बोल्ट कमी जोरात जास्त दाब देतो आणि हाताला अंदाज येतो. बोल्टचं डोकं षटकोनी असेल तर उत्तम, पाना किंवा सॉकेट लावता येतो. नुसता आडवा दांडा असलेले ब्रेकर छोट्या चेनला बरे, पण जागा अडचणीची असली की दांडा स्विंगआर्मला (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याला) आपटत राहतो.

५. सोबत काय काय लागेल

- गाडीचं मॅन्युअल (चेनचा नंबर, कड्यांची संख्या, सैलपणाचं माप यासाठी)
- नव्या चेनच्या पाकिटातला कागद, हा फेकू नका
- डोळ्यांवर गॉगल
- व्हर्निअर कॅलिपर
- कानस किंवा छोटा ग्राइंडर
- बोल्टच्या मापाचे दोन पाने, एक चौकट धरायला, एक फिरवायला
- खडू किंवा रंगाचा पेन
- ग्रीस, फडकी, चेन पडू नये म्हणून तारेचा तुकडा
- नवा लॉक, त्याच नंबरचा आणि त्याच बनावटीचा

गॉगल सगळ्यांत आधी. ब्रेकरची पिन तुटते तेव्हा ती वाकून खाली पडत नाही, उडते.

६. पहिली चेन तोडताना

इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, स्पार्क प्लगची टोपी काढलेली. चाक हातानेच फिरवायचं. चालू इंजिनाने चेन फिरवू नका, बोटं चेन आणि स्प्रॉकेटमध्ये जाण्याचे अपघात नेमके असेच होतात.

जुन्या चेनवर क्लिप लॉक असेल तर तोडायची गरजच नाही, क्लिप काढून चेन सोडवा. नवी चेन मात्र बहुधा लांब मिळते आणि कापावी लागते. कड्या मोजा, दोनदा मोजा. चेनमध्ये आतली कडी आणि बाहेरची कडी आळीपाळीने असतात. कापल्यावर दोन्ही टोकांना आतली कडी, म्हणजे रोलरवाली, उरली पाहिजे, कारण लॉक स्वतः बाहेरची कडी असतो. लॉक धरून एकूण संख्या सम येते. काढायच्या बाहेरच्या कडीवर खडूने खूण करा आणि पाच मिनिटं दुसरं काहीतरी करून परत येऊन पुन्हा मोजा. एक कडी जास्त गेली तर परत जोडण्याचा भरवशाचा मार्ग नाही.

आता पिनेचा माथा. ज्या बाजूने ब्रेकरची पिन दाबणार, त्याच बाजूचा चेनच्या पिनेचा पसरलेला माथा घासून पट्टीच्या पातळीला आणा. दोन्ही पिनांचा. हे काम कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच टाळलं जातं, पण नवख्या माणसाच्या ब्रेकरच्या पिना जास्त करून इथेच तुटतात. ग्राइंडर वापरत असाल तर ठिणग्या टाकीकडे आणि कार्ब्युरेटरकडे जाणार नाहीत असं उभं राहा, पेट्रोलची बाटली आधी दूर ठेवा. चेन गाडीवर चढवण्याआधीच बाकावर कापली तर हा प्रश्नच येत नाही.

ब्रेकरच्या आट्यांना थोडं ग्रीस लावा. चेन ऐरणीवर ठेवा, चेनची पिन ऐरणीच्या भोकासमोर. बाहेरचा बोल्ट पट्टीला टेकेपर्यंत हाताने फिरवा, मग पान्याने किंचित घट्ट करा. चेन हलता कामा नये. आता आतला बोल्ट फिरवा. टोक चेनच्या पिनेला लागलं की थांबा आणि खाली वाकून बाजूने बघा, टोक मध्यावर आहे ना? इथे घालवलेले दहा सेकंद फुकट जात नाहीत.

मग एकसारखा दाब. सुरुवातीला बोल्ट जड होत जातो, एका क्षणी 'टक्' असा आवाज येतो आणि फिरवणं हलकं होतं. पिन पट्टीतून सुटली. आवाज न येता जोर वाढतच गेला तर थांबा, सगळं सोडवा आणि माथा पुरेसा घासला आहे का, पिन तिरपी आहे का हे बघा. पान्याला पाइप लावून जोर वाढवू नका.

पिन निघाली की आधी आतला बोल्ट पूर्ण मागे घ्या आणि मगच बाहेरचा सैल करा. उलट केलं तर ब्रेकरची पिन अजून पट्टीत अडकलेली असते आणि चेन सोडवायला गेलात की तिला बाजूने झटका बसतो. तेवढ्याने मोडते.

काढलेली पिन परत ठोकून वापरू नका. एकदा पट्टीतून ढकलली की तिची घट्ट बसणी गेली. ती रस्त्यात बाहेर येऊ शकते, आणि सुटलेली चेन मागचं चाक जाम करते किंवा क्रँककेस (इंजिनचं कवच) फोडते.

७. लॉक बसवताना

क्लिप लॉकचं सोपं आहे. क्लिपची बंद बाजू चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला, उघडी बाजू मागे. क्लिप दोन्ही पिनांच्या खाचेत पूर्ण बसली का, हे नखाने चाचपून बघा. ओ-रिंगच्या चेनला लॉकमध्ये चार रिंगा असतात, दोन आतल्या बाजूला आणि दोन बाहेरच्या पट्टीखाली. पाकिटातलं ग्रीस पिनांना आणि रिंगांना लावायचं असतं.

पट्टी दाबताना शेजारच्या बाहेरच्या कडीची रुंदी कॅलिपरने मोजून ठेवा आणि थोडं थोडं दाबत तेवढ्यावर थांबा. जास्त दाबली तर कडी आखडते आणि रिंगा चेंगरतात. कमी दाबली तर क्लिप खाचेत बसत नाही.

रिव्हेट करताना पिनेचं टोक किती पसरायचं, याचं माप चेनच्या कागदावर दिलेलं असतं. तोच आकडा पाळा. पाव फेरा फिरवा, मोजा, पुन्हा पाव फेरा. शेवटी भिंगातून दोन्ही टोकं बघा. बारीकशी चीर दिसली तरी तो लॉक काढून नवा घालायचा.

कडी हाताने वाकवून बघा. शेजारच्या कड्यांइतकीच मोकळी फिरली पाहिजे. मग चाक हाताने चार-पाच फेरे फिरवा आणि लॉक स्प्रॉकेटवरून जाताना उडी मारतो का ते पाहा.

८. ब्रेकरची निगा

काम झालं की पिन काढून पुसा आणि काचेवर लोळवून बघा. वाकलेली पिन लोळताना डगमगते, ती तिथेच टाकून द्या. टोक पसरलं असेल, कडा तुटल्या असतील, तरीही तेच. सरळ करून वापरायचा प्रयत्न करू नका, कडक पिन एकदा वाकली की आतून तडकलेली असू शकते.

आट्यांमध्ये ग्राइंडिंगची धूळ राहू देऊ नका. ब्रशने झाडा, तेलाचा हात फिरवा आणि ब्रेकर, जादा पिना आणि चेनच्या नंबराची चिठ्ठी एकाच डबीत ठेवा. माझ्या डबीत झाकणाच्या आतल्या बाजूला प्रत्येक पिनेची जाडी आणि ती कुठल्या चेनला चालते, हे लिहिलेलं आहे. पहिल्या थोड्या किलोमीटरनंतर लॉक आणि चेनचा सैलपणा पुन्हा तपासायचा असतो, तेव्हा डबी गाडीसोबतच असू द्या.